कार्डाचा पैरा

चहा ओता, पण माझ्या कपात जरा कमीच ओता. कप असू दे नाहीतर कार्ड, काठोकाठ भरलेलं बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. का म्हणून विचारता? ऐका तर मग! असला गाढवपणा करून बसलोय की कुपवाडपासून साताऱ्यापर्यंत लोक अजून मला बघून गालात हसतात. बरं, गाढवपणा माणूस गुपचूप करतो, एकट्यानं करतो. मी काय केलं? अख्खी फौज हाताशी धरून, वाजतगाजत केला!

तर बघा, मी दत्ता जगदाळे. मूळचा कवठे महांकाळकडचा. कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. लग्न झालं तेव्हा कामाजवळ बरं पडतंय म्हणून तिथंच एक खोली भाड्यानं घेतली. स्वस्त! हवेशीर! पाण्याची टाकी स्वतंत्र! एकच बारीकसा दोष होता. खाली पॉवर प्रेसचं वर्कशॉप. दिवसभर पत्रा ठोकायचं काम. धाड-धुम्म! धाड-धुम्म! टेबलावर चहाचा कप ठेवला की तो आपसूक चालत कडेपर्यंत जायचा. पाहुणे आले की आम्ही आधीच सांगायचो, कप हातातच धरा.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. मशीनवरचा माणूस मी, दिवसा एक आवाज, घरी दुसरा. पण माझी बायको रूपाली साताऱ्याची, रिटायर सुभेदाराची पोरगी. तिनं दोन वर्षं काढली बिचारीनं. मग तिला दिवस गेले, आणि एके दिवशी कमरेवर हात ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"आवं, हितं बाळ झोपंल का? आपल्यालाच झोप लागंना!"

"लागंल की. सवय हुती."

"सवय न्हाई आन् काय न्हाई! बाळंतपणाला मी साताऱ्याला जाणार. तिथनं बाळाला घिऊन येणार ती सरळ आपल्या घरात. ह्या खोलीचा जिना मी बाळाला दावणार न्हाई. सांगून ठिवते!"

झालं! सुभेदाराच्या पोरीनं हुकूम सोडला. आणि खरं सांगू? माझ्या पण मनात भरलं ते. आपलं घर! आपल्या घरात आपलं लेकरू! सांगलीत एक फ्लॅट बघून ठेवला होता आम्ही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीत चिंचेचं झाड. आणि शांतता तर अशी की पाल चुकचुकली तरी ऐकू यावं. रूपाली त्या रिकाम्या खोलीत उभी राहून म्हणाली होती, "पाळणा हितं बांधायचा." तेव्हाच माझं ठरलं. बाळ यायच्या आत घर!

नागपंचमीच्या आधी मी बँकेत गेलो. होमलोनच्या टेबलावर मगदूम मॅडम. बाई फार चांगली, पण बोलणं सावकाश. एक वाक्य सुरू केलं की मध्ये थांबून चष्मा पुसणार, कागद नीट लावणार, मग पुढचं अर्धं वाक्य. आणि समोर कोण? मी! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, ती म्हण माझ्याच लग्नात तयार झाली असावी. आई सांगायची, ह्याला 'जेवायला' म्हटलं की हा पाटावर, आणि 'थांब, आधी हात धू' म्हणेपर्यंत ताट साफ.

मॅडमनी कॉम्प्युटरवर बघितलं. "जगदाळे, पगार चांगला आहे तुमचा. पण तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. कधी कर्ज नाही, कधी हप्ता नाही. पगाराच्या खात्याबरोबर क्रेडिट कार्ड मिळालं होतं ना तुम्हाला? ते कुठंय?"

"कपाटात हाय मॅडम! बायकोच्या शालूच्या घडीत. एकदा बी भाईर काढलं न्हाई!" मी छाती फुगवून सांगितलं.

"तेच चुकलं."

चुकलं? अहो, आमच्या घरात कुणाचं देणं नसणं हाच मोठा मान! वडील चारचौघांत मिशीवर ताव देऊन तेवढंच सांगायचे. आणि इथं तोच गुन्हा?

"बँकेला कळणार कसं," मॅडम म्हणाल्या, "की तुम्ही घेतलेलं वेळेवर परत करता? आता असं करा. ते कार्ड दर महिन्याला वापरा. बिल पूर्ण भरा, तारखेच्या आत. दिवाळी झाली की या माझ्याकडे. आणि हे बघा, वापरताना एक गोष्ट..."

इथं त्यांनी चष्मा काढला पुसायला. आणि मी उठलो!

"कळलं मॅडम!"

"अहो, ऐका तरी..."

"कळलं, कळलं! दिवाळीनंतर येतो पेढे घिऊन!"

मी जिना उतरत होतो तर मॅडम वरून काहीतरी ओरडून सांगत होत्या. मला वाटलं शुभेच्छा देतायत. मी पण खालून हात केला. किती प्रेमळ बाई!

दुपारच्या सुट्टीत चहाच्या गाड्यावर सुकुमारला सगळं सांगितलं. सुकुमार म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरचा. जैनाघरचा, सांगलीजवळच्या गावात घरचा ऊस. तसा शांत माणूस, पण एकदा पेटला की विझवायला बंब लागतो.

"म्हंजे कार्ड वापरलं की घर मिळतंय?" त्यानं विचारलं.

"व्हय की! मॅडमनीच सांगितलंय."

"आन् किती वापरायचं म्हनं?"

किती? हे काही विचारलं नव्हतं बुवा. पण सुकुमारनं थांबू दिलं तर ना! त्यानंच उत्तर काढलं.

"सोपं हाय की रं. कारखान्याला ज्येचा ऊस जास्त, त्येला सभेत पुढची खुर्ची. डेअरीला ज्येचं दूध जास्त, त्येला दिवाळीला बोनस जास्त. मग बँकेत काय येगळं आसतंय? जितकं जास्त वापरशील तितकी पत जास्त!"

अहो, काय चुकीचं होतं त्यात, तुम्हीच सांगा! जन्मभर आम्ही हेच बघितलंय. घालणाऱ्याला मान. मला तर सुकुमारला मिठीच मारावीशी वाटली. पण मग चेहरा पडला माझा.

"गड्या, मी एकटा वापरून वापरून किती वापरणार? पेट्रोल, किराणा, झालं. त्यात कसली पत वाढायची?"

सुकुमारनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की बस्स!

"माझ्या घराच्या स्लॅबला तू आलतास का न्हाई? घमेली उचलून हात सोलवटलं तुझं. त्यो पैरा फेडायचा राहिलाय माझा."

आता पैरा म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगायला पाहिजे. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही, पण विसरायचं नाही. आणि स्लॅब असला की आमंत्रण सुद्धा लागत नाही. खडी-सिमेंटचं मिक्सर फिरायला लागलं की गल्ली गोळा होते.

"तुझा स्लॅब कार्डावर पडणार," सुकुमार म्हणाला. "मग आमी बी कार्डावर येतो! जी काय खरेदी आसंल ती तुझ्या कार्डावर. पैसं लगेच रोख तुझ्या हातात. तू बिल भरून मोकळा. हाय काय, न्हाई काय!"

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! असले मित्र मिळायला भाग्य लागतं.

मुहूर्ताचा माल म्हणजे सुकुमारच्या आईचा मिक्सर. मग त्याच्या मावशीचं वॉशिंग मशीन. मग शॉपमध्ये, म्हणजे आमच्या मशीनशॉपमध्ये, बातमी पसरली. दत्त्याला घर पाहिजे, चला रे! कुणी मोबाईल घेतला, कुणी पोराला सायकल. गणपती आले तर आमच्या शॉपच्या मंडळाची लाईटिंग माझ्या कार्डावर! गावाकडनं थोरल्या दादाचा फोन, "ठिबकची पाइप घ्यायची हुती पुढल्या वर्षी. आत्ताच घितो. तुझं घर हुदे!" ज्यांना काही नको होतं ते सुद्धा काहीतरी घ्यायला लागले. एका हेल्परनं तर मला विचारलं, "दत्तादा, माझ्याकडनं फकस्त टॉर्च जमंल. चालंल का?"

चालंल का? पळंल!

आणि माणसं कशी, तर वस्तू हातात पडायच्या आधी पैसे माझ्या खिशात. कुणी चुकवलं नाही. मी पण बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरायचो, तारखेची वाट बघायची नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड पुन्हा कामाला. दुकानात शिरलो की दुकानदार उठून उभा राहायचा. माझी चालच बदलली म्हणे! नवरदेव घोड्यावरून उतरून चालतोय असं सुकुमार म्हणायचा.

एकाच माणसाला शंका आली. रूपालीला. डोहाळजेवणाला साताऱ्याला गेलो होतो, तिथं ओटी भरून घेता घेता तिनं मला हळूच विचारलं.

"आवं, इतकं वापरायचं आसतंय का? एकदा त्या मॅडमास्नी फोन लावून इचारा की."

"अगं, त्यांनीच सांगितलंय! माणसानं कितीदा इचारायचं? वेडा समजतील मला."

आता बोला! वेडा समजतील म्हणून विचारलं नाही.

नेमकं हे बोलणं सासऱ्यांच्या कानावर पडलं. सासरे, म्हणजे मामा. सुभेदार होऊन रिटायर झालेले, पण अजून बूट असे पॉलिश करतात की त्यात बघून दाढी करावी. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जवाईबापू, मिशन क्या है?"

मी मिशन सांगितलं. मामांची छाती फुगली.

"आन् एवढं मोठं ऑपरेशन चाललंय, आमची फौज काय नुसती पेन्शन खाया बसलीया? दसऱ्याला कार्ड घिऊन साताऱ्याला या!"

आणि मी गेलो! दसऱ्याची सकाळ, साताऱ्यातलं मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, आणि दारात मामांचे दोस्त रांगेत उभे. कुणी हवालदार, कुणी नायक, एक तर कॅप्टन! सगळे इस्त्रीच्या कपड्यात, गळ्यात मफलर, खिशात रोकड. मामा रांगेच्या पुढं.

"एक-एक करके! पैसं रोख जवाईच्या हातात, कार्ड जवाईचं! कोई गडबड नहीं!"

पहिला फ्रिज. मग टीव्ही. मग गिझर. मी काउंटरला उभा राहून कार्ड टेकवतोय, पिन दाबतोय, मशीन कुईं करतंय आणि मागून मामा "शाबास!" म्हणतायत. दुकानदारानं मला पेढा भरवला. दसऱ्याचं सोनं म्हणून सगळे मला आपट्याची पानं देऊन गेले. एक म्हातारे हवालदार तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "लेकीला आमच्या घर हुतंय, लय झाक वाटलं बघा." काय सांगू, त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतोच!

आणि तेवढ्यात मशीननं वेगळाच आवाज काढला.

"लिमिट संपलं साहेब," दुकानातला पोऱ्या म्हणाला.

रांगेत अजून निम्मी फौज बाकी! कॅप्टनसाहेब ओव्हन कवटाळून उभे. मामांचा चेहरा गंभीर झाला.

"दारूगोळा खतम?"

"काळजी नको," दुकानदार पुढं झाला. "दुसऱ्या बँकेचं कार्ड हितंच मिळतंय. मोबाईलवर. चहा हुईस्तोवर."

आणि मिळालं हो! चहा होईपर्यंत खरंच मिळालं! ते पण त्याच दिवशी काठोकाठ भरलं, म्हणून संध्याकाळच्या आत तिसरं काढलं. मामांनी तिसऱ्या कार्डाला सॅल्यूट ठोकला. एका कार्डावर घर मिळतंय तर तीन कार्डांवर काय, बंगलाच!

दिवाळी आली. आणि दिवाळीच्या पाठोपाठ साताऱ्याहून फोन. मुलगी झाली! कसा पोचलो साताऱ्याला मला आठवत नाही. एवढीशी पोरगी, मुठी आवळलेल्या, केस भरपूर. मी तिच्या कानात सांगितलं, "थांब, तुझा बाप आता तुझं घर आणतो." रूपाली थकून पडली होती, पण हसली. म्हणाली, "पाळणा कुठं बांधायचा ते ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात? अहो, मी फ्लॅटवाल्याला सांगून मोकळा झालो होतो की आता पेपर बनवायलाच घ्या!

दोन दिवसांनी पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन बँकेत हजर. मगदूम मॅडमनी अभिनंदन केलं, अर्धा पेढा तोंडात घातला आणि कॉम्प्युटरकडं वळल्या. मी खुर्चीच्या कडेवर. आता म्हणतील शाबास, आता म्हणतील शाबास!

मॅडमचा पेढा तोंडातच थांबला.

"जगदाळे," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "घरात काही अडचण आहे का? कुणी फार आजारी आहे?"

"न्हाई मॅडम! उलट मुलगी झालीया!"

"मग नोकरी सोडून दुकान टाकलंत का?"

"दुकान? न्हाई ओ!"

"मग हे काय आहे? तीन कार्डं, आणि तिन्ही काठोकाठ भरलेली! त्यातली दोन तर एका दिवसात काढलीयत. असं कोण करतं माहितीय का? ज्याला कुठूनच पैसे मिळत नाहीत तो!"

पायाखालची जमीन सरकली माझ्या. पण तरी मी सगळं सांगितलं. सुकुमार, कारखाना, डेअरी, पैरा, मामांची फौज. सांगताना मलाच जाणवत होतं की हे कुठंतरी गडबडतंय. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी हललो नाही.

"त्या दिवशी माझं वाक्य अर्धं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा, की लिमिटच्या फार तर पाव हिश्श्याइतकंच वापरायचं. आणि कर्ज होईपर्यंत नवीन कार्ड काढायचं नाही. तुम्ही पळालात म्हणून मी जिन्यावरून ओरडून सांगितलं. तुम्ही खालून हात केलात. मला वाटलं, ऐकलं यांनी."

"पण मॅडम, मी एक पैसा बुडवला न्हाई! तारखेच्या आधी भरलंय सगळं!"

"म्हणून तर अजून तुमच्याशी बोलतेय मी. पण पैसे दुसऱ्यांनी दिलेत हे बँकेला दिसत नाही हो. बँकेला एवढंच दिसतं, की हा माणूस महिन्याच्या महिन्याला पार गळ्यापर्यंत बुडतो. आता थांबावं लागणार. कार्डं रिकामी ठेवा, एकावरच थोडं थोडं वापरा, पुढच्या पावसाळ्यात बघू."

पुढच्या पावसाळ्यात! आणि लेकरू शिवरात्रीला साताऱ्याहून घरी येणार! मी बाहेर आलो आणि बँकेच्या पायरीवर बसलो. तोंड दाखवायचं कुणाला? त्या टॉर्चवाल्या हेल्परला सुद्धा काय सांगायचं?

पहिला फोन मामांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग घसा खाकरून म्हणाले, "म्हंजी जवाईबापू, आमी आपल्याच पोस्टवर फायरिंग केलं?"

"तुमी न्हाई मामा. पोस्टचा नकाशा मीच उलटा धरला."

आणि रूपाली? तिला सांगायला साताऱ्याला गेलो, वाटलं आता तोफ सुटणार. पण ती काही ओरडली नाही, आणि त्यानंच मला जास्त लागलं. बाळाला छातीशी धरून खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "जिना दावायचा न्हाई म्हनलं हुतं. आता दावावा लागणार." थोड्या वेळानं माझ्याकडं बघितलं आणि तिला हसूच फुटलं. "बारशाला तरी गुरुजींचं समदं ऐकून घ्या. न्हाईतर मंतर अर्धा ऐकून पोरीचं नाव भलतंच ठिवशीला."

नाव ठेवलं मुक्ता. मी एक शब्द मध्ये बोललो नाही.

मग सुरू झाला उलटा पैरा! ज्यांनी कार्ड भरलं तीच माणसं आता कार्डावर पहारा द्यायला लागली. सुकुमार तर हातघाईवरच आला. पंपावर मी पाकीट काढलं की मागून ओरडायचा, "दत्त्या, कितीचं? थोडंच टाक! बाकी रोख दे!" शॉपमध्ये कुणी चुकून म्हणालं की फ्रिज घ्यायचाय, की सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. मामा दर रविवारी फोनवर रिपोर्ट घ्यायचे. "कार्ड की क्या पोझिशन?" "बराकीत हाय मामा, आरामात." "गुड!"

शिवरात्र झाली आणि रूपाली मुक्ताला घेऊन आली. खोलीचा जिना चढताना माझी मान वर होत नव्हती. छताच्या कडीला पाळणा बांधला, पोरीला त्यात घातलं आणि आम्ही दोघं श्वास रोखून उभे. खाली स्विच पडला. धाड-धुम्म! धाड-धुम्म!

आता रडंल, आता रडंल...

कसलं रडतेय! पोरगी डोळे मिटून झोपली! पाळणा हलवायची पण गरज नाही, जमीन हादरेल तसा तो आपला आपण हलतोय! रूपाली माझ्याकडं बघतेय, मी रूपालीकडं. दिवसभर प्रेस चालू आणि पोरगी गाढ. रविवारी तेवढी किरकिर करायची. आम्हाला वाटायचं पोटात दुखतंय, म्हणून ओवा लावायचो.

पावसाळा आला. मी मगदूम मॅडमच्या समोर बसलो. त्यांनी सगळं बघितलं, कागद लावले, चष्मा पुसला, एकेक अट सांगितली. मी हूं नाही की चूं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "झालं जगदाळे. मंजूर आहे. या आता."

मी बसूनच.

"अहो, झालं. जा."

"पुढं काय न्हाई न्हवं मॅडम? वाक्य पुरं झालं?"

"पुरं झालं!" आणि मग त्या इतक्या हसल्या, की सगळं ऑफिस आमच्याकडं बघायला लागलं.

झालं बघा घर! आपलं घर! वास्तुशांतीला सगळी गोळा झाली. सुकुमार, दादा, शॉपमधली पोरं, मामा आणि त्यांची फौज. म्हातारे हवालदार भिंतीवरून हात फिरवत होते. कुणी काही आणलं की आधी ओरडून सांगायचं, "रोखीनं घेतलंय हां!" टॉर्चवाल्या हेल्परनं तर पावतीच दाखवली. रूपालीनं पाळणा तिनं ठरवलेल्याच जागी बांधला, खिडकीजवळ. चिंचेची सावली थेट पाळण्यावर. तिचे डोळे भरून आले, आणि माझे काय वेगळे होते?

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. दुपारची वेळ. घरात अशी शांतता, अशी शांतता, की पंख्याचा आवाज मोठा वाटावा. मुक्ताला पाळण्यात घातलं. आणि तिनं जे भोकाड पसरलं! दूध दिलं, नाही. खांद्यावर घेतलं, नाही. ओवा लावला, नाही. रूपालीनं साताऱ्याच्या सगळ्या अंगाया म्हणून संपवल्या. मामांना फोन लावला तर त्यांनी फोनवरून परेडची शीळ घातली. पोरगी आणखी जोरात!

मी वैतागून हातातला रिकामा डबा फरशीवर आदळला. धाड!

पोरगी गप्प.

रूपालीनं माझ्याकडं बघितलं. मी डब्याकडं बघितलं. मी पाय आपटला. धुम्म!

मुक्ता हसली. आळस दिला. डोळे मिटायला लागले.

"आवं," रूपाली कपाळाला हात लावून म्हणाली, "हिला प्रेस पायजे!"

तेव्हापासून माझ्या सुट्टीच्या दिवशीच्या दुपारी अशा जातात. पाळण्याशेजारी मांडी घालून बसायचं, एका हातानं डबा, एका पायानं फरशी. धाड-धुम्म! धाड-धुम्म! जरा थांबलो की पाळण्यातून एक डोळा उघडतो. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या, "भाऊ, काम कवा संपणार हाय हो तुमचं?"

आता त्यांना काय सांगू? कर्ज वीस वर्षांचं आहे काकू. हप्ता नव्या घराचा भरतोय आणि आवाज जुन्या खोलीचा काढतोय!